उघड्या दाराचा पिंजरा

नाशिकच्या जुन्या वस्तीत, रविवार कारंजावरून गोदेच्या घाटांकडे उतरणाऱ्या गल्ल्यांतून जे वाडे अद्याप तग धरून आहेत, त्यांची रचना पाहिली म्हणजे तेथे कुत्र्यासाठी वेगळ्या जागेची तजवीज करण्याचा प्रश्न कधी उद्भवलाच नसावा, हे ध्यानात येते. दिंडीदरवाजाच्या आतली देवडी, ओसरीची पायरी, चौकाच्या कडेची सावली, परसातील चुलीच्या राखेची ऊब, अशा अनेक जागा त्याच्यापुढे मोकळ्या होत्या आणि त्यांतून ऋतुमानाप्रमाणे व प्रहराप्रमाणे आपल्याला रुचेल ती निवडण्याचा हक्क त्याने वहिवाटीने मिळविलेला होता. माणसांची ये-जा दिवसभर चालू असे, घर म्हणून कधी पूर्ण रिकामे होत नसे, आणि एकटे राहणे म्हणजे काय, याचा अनुभव त्या कुत्र्याला जन्मभरात क्वचितच येत असे.

आज तेच पिल्लू गंगापूर रस्त्यावरील, इंदिरानगरातील किंवा पाथर्डी फाट्याकडील एखाद्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर येते. सकाळी घरातील एक जण अंबडच्या किंवा सातपूरच्या कारखान्याची वाट धरतो, दुसरे कोणी बँकेत किंवा शाळेत जाते, मुले वर्गाला जातात, आणि दोन महिन्यांचा तो जीव बंद दारामागे उरतो. तो फरशीवर घाण करतो, चपला कुरतडतो, विजेच्या तारेला तोंड लावतो; मग कोणी जाणता सल्ला देतो की पिंजरा आणा. पिंजरा येतो, पहिल्याच रात्री पिल्लाला आत ठेवून कडी लावली जाते, दिवा मालवला जातो, आणि थोड्याच वेळात जो आक्रोश सुरू होतो त्याने घरच्यांची झोप उडतेच, पण खालच्या मजल्यावरची तक्रारही सोसायटीच्या सेक्रेटरीकडे दुसऱ्या दिवशी रुजू होते. या प्रकरणाचा विषय हे पिल्लू आहे; त्यातही, जे मूळच्या स्वभावाने किंवा आधीच्या अनुभवाने भित्रे झालेले आहे असे पिल्लू.

त्याच्या रडण्याचा अर्थ प्रथम नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढची सारी वागणूक त्या समजुतीवर अवलंबून आहे. अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर दीर्घकाळ निरीक्षणे केली आणि १९६५ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. जन्मानंतरच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिल्लाच्या मनाची जडणघडण होण्याचा काळ असून, याच काळात ते कोणाला आपले मानावयाचे आणि कशाला भ्यावयाचे हे शिकते, हा त्या ग्रंथातील एक प्रमुख निष्कर्ष आहे. आपल्या घरात पिल्लू येते ते नेमके या काळाच्या मध्यावर. ज्या भावंडांच्या अंगावर अंग टाकून ते कालपर्यंत झोपत होते ती एकाएकी नाहीशी झालेली असतात, आईचा वास नाहीसा झालेला असतो, आणि नवी माणसे अजून आपली झालेली नसतात. पुढे १९७८ मध्ये याक पँकसेप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत स्कॉटही होते, असे दाखवून दिले की एकट्या पडलेल्या पिल्लाला गुंगी येणार नाही इतक्या अत्यल्प मात्रेत मॉर्फीन दिले, तर त्याचे रडणे कमी होते. शारीरिक वेदना ज्या रसायनाने शमते त्याच रसायनाने वियोगाचे रडणे शमावे, यावरून त्या रडण्याची जात कोणती हे कळते. पिल्लू हट्ट करीत नाही, मालकाची परीक्षा पाहत नाही. ते खरोखर दुःखात असते.

असे असता ‘रडू द्या, थकले की आपोआप गप्प होईल’ हा सल्ला इतक्या बिनधोकपणे दिला जातो, याचे मला वाईट वाटते. गप्प तर ते होते, यात शंका नाही. पण त्या गप्प होण्यात आणि शांत होण्यात फार अंतर आहे. १९६७ साली पेनसिल्व्हानिया विद्यापीठात मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी केलेले प्रयोग मानसशास्त्रात प्रसिद्ध आहेत: ज्या कुत्र्यांना काहीही केले तरी विजेच्या धक्क्यापासून सुटका मिळाली नव्हती, त्यांतील बरेचसे पुढे सुटकेचा मार्ग समोर मोकळा असतानाही निमूटपणे पडून धक्के सोसत राहिले. प्रयोग निर्दय होता आणि आज तो कोणी करू धजणार नाही, परंतु त्याने जे सिद्ध केले ते विसरून चालणार नाही. प्रतिकार निष्फळ आहे एवढाच धडा ज्या जिवाने घेतला, त्याचे मौन हे त्याच्या संमतीचे लक्षण मानता येत नाही.

पिंजऱ्याचा पुरस्कार करणारे लोक एक युक्तिवाद नेहमी पुढे करतात. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, लांडगा बिळात राहतो, म्हणून कुत्र्याला बंदिस्त जागा निसर्गतःच आवडते, असा तो युक्तिवाद आहे आणि त्यात अर्धेच सत्य आहे. लांडग्याची मादी विण्यासाठी बीळ शोधते किंवा उकरते हे खरे. आपल्याकडेही बांधकामावरच्या वाळूच्या ढिगाशी किंवा रस्त्याकडेला पडलेल्या सिमेंटच्या नळाशी गल्लीतली कुत्री विण्यापूर्वी कशी घुटमळते हे कोणीही पाहू शकतो. परंतु साधारण आठ-दहा आठवड्यांत पिल्ले बीळ सोडतात आणि मोठे लांडगे उघड्यावर झोपतात. शिवाय, बिळाला दार नसते आणि बाहेरून कडीही नसते. अरुंद, तिन्ही बाजूंनी झाकलेली, उबदार जागा लहान पिल्लाला धीर देते एवढे यातून निघते. कोंडून घेणे त्याला आवडते, हे मात्र निघत नाही. स्वीडन आणि फिनलंड या देशांनी तर प्रवास, आजारपण अशा कारणांपुरती मुभा ठेवून, घरात कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवण्यास कायद्यानेच प्रतिबंध केला आहे.

आपल्या कायद्यानेही हा विषय दुर्लक्षिलेला नाही. विख्यात नर्तिका आणि राज्यसभेच्या सदस्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध जे खाजगी विधेयक संसदेत मांडले, त्याने चालना मिळून पुढे १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा अस्तित्वात आला. त्याच्या अकराव्या कलमात, ज्या पिंजऱ्याची उंची, लांबी व रुंदी प्राण्याला पुरेशी हालचाल करू देत नाही अशा पिंजऱ्यात त्याला ठेवणे, आणि नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने वाजवी व्यायाम न देणे, ही दोन्ही कृत्ये गुन्हा ठरविली आहेत. पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्याने मुक्रर केलेला दंड दहा ते पन्नास रुपयांचा आहे, आणि तो आजच्या काळात कोणाला जरब बसविण्याजोगा नाही हे उघड आहे. पण कायदा काय अपेक्षितो हे त्या कलमात निःसंदिग्धपणे नमूद झालेले आहे. २०१७ च्या नियमांनी दोन महिन्यांहून लहान पिल्लाची विक्री करण्यासही मनाई केली आहे. पाच आठवड्यांचे पिल्लू ‘लवकर लळा लागतो’ म्हणून कोणी हवाली करू पाहील, तर ते घेऊ नये. आईपासून अकाली तोडलेले पिल्लू पुढे अधिक भित्रे निघण्याचा संभव असतो.

मग पिंजरा आणावा की आणू नये? माझ्या मते आणावा, पण त्याचे दार ही सर्वांत शेवटी वापरावयाची वस्तू आहे, हे मनाशी पक्के करून आणावा. त्यात पिल्लाला ताठ उभे राहता यावे, सहज वळता यावे, पाय ताणून कुशीवर निजता यावे, एवढे माप बस्स. वाढत्या अंगाच्या लॅब्राडोर किंवा अल्सेशियन पिल्लासाठी मोठा पिंजरा घेऊन मध्ये जाळी घालावी आणि वाढीप्रमाणे ती मागे सरकवीत न्यावी, कारण जागा गरजेहून मोठी झाली की पिल्लू एका कोपऱ्यात निजते आणि दुसऱ्या कोपऱ्याची मोरी करते. गळ्यातला पट्टा आत जाण्यापूर्वी काढावा. तो गजात अडकून गळफास बसल्याच्या घटना घडतात.

जागेची निवड करताना नाशिकची हवा लक्षात घेणे अगत्याचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो, आणि कुत्र्याला पंजांच्या तळव्यांखेरीज अंगाला घाम येत नसल्याने धापा टाकून अंग गार करणे हाच काय तो त्याचा उपाय असतो. अशा दिवसांत गॅलरीत ठेवलेला लोखंडी पिंजरा, मग त्यावर ताडपत्री टाकलेली असो वा नसो, प्राणघातक ठरू शकतो, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या जातीला तर तो धोका अनेक पटींनी अधिक. उलट, डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचा पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याच्या बातम्या येतात तेव्हा शहरातल्या फरशाही बर्फासारख्या थंड असतात आणि पिंजऱ्याचा पत्र्याचा तळ त्याहून थंड. म्हणून घराच्या आतल्या बाजूला, माणसांचा वावर दिसेल पण पायांत येणार नाही अशा कोपऱ्यात पिंजरा मांडावा, तीन बाजूंनी सुती चादर टाकावी, उन्हाळ्यात ती वर गुंडाळून वारा खेळता ठेवावा, आणि आत जुन्या लुगड्याची गोधडी अंथरावी. पिल्लू जेथून आणले तेथून आईच्या अंगाखालचा एखादा चिंधीचा तुकडा मागून आणता आला तर फारच उत्तम. पहिल्या रात्री त्या वासाचा मोठा आधार होतो. पिल्लू कापड फाडून गिळणारे असेल तर मात्र गोधडी काढून घ्यावी, कारण गिळलेली चिंधी आतड्यात अडकते.

आता प्रत्यक्ष सवय लावण्याकडे वळू. या पद्धतीचा पाया एका लहान मुलाच्या निमित्ताने घातला गेला, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या विदुषीने पीटर या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे तीन वर्षांच्या बालकाची सशाविषयीची भीती घालविली. तिने काय केले? पीटर आवडीचे खाणे खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवला, त्याच्या खाण्यात व्यत्यय येणार नाही एवढ्या अंतरावर, आणि मग प्रत्येक वेळी किंचित जवळ आणला. अखेरीस तो मुलगा एका हाताने खाता खाता दुसऱ्या हाताने सशाला गोंजारू लागला. भीतीची वस्तू इतकी सौम्य करून समोर आणावयाची की भीती जागीच होऊ नये, आणि त्याच क्षणी सुखाची वस्तू द्यावयाची. पुढे अनेक दशके मानसोपचारात जे तत्त्व वापरले गेले ते हेच. आपल्या पिल्लाच्या बाबतीत ससा म्हणजे तो पिंजरा.

गंगापूर रस्त्यावरच्या एका परिचितांच्या घरी पावसाळ्यात गटारीच्या कडेला सापडलेले एक तांबूस देशी पिल्लू आणले होते. तिचे नाव चिंगी. ताटली वाजली तरी सोफ्याखाली शिरणारे हे पिल्लू पिंजऱ्याकडे मान वळवूनही पाहत नसे. घरातल्या आजी दुपारी त्या पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर मेथी निवडावयास बसत आणि पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे जवळ वाटीत ठेवीत. प्रथम त्या एकेक तुकडा पिंजऱ्याच्या बाहेर, दारापासून दूर टाकीत, मग दारापाशी, मग उंबऱ्यासारख्या त्या पत्र्याच्या कडेवर, मग आत बोटभर. चिंगी काय करी ते बघण्यासारखे होते. मागचे दोन्ही पाय बाहेर फरशीवर घट्ट रोवून, अंग लांबवून, मान पुढे काढून ती तुकडा उचली आणि झटक्याने मागे सरून बाहेर येऊन तो खाई. त्या रोवलेल्या मागच्या पायांत तिची सारी शंका साठलेली होती. आजींचा मुलगा एकदा म्हणाला, “आई, किती वेळ घालवतेस! आत ढकल आणि दार लाव, दोन दिवसांत सवय होईल.” आजी मेथीवरून नजर न काढता म्हणाल्या, “ढकललं तर जाईल रे, पण मग आपल्या पायांनी पुन्हा यायची नाही.”

पुढे एके दिवशी तिचा एक मागचा पाय आत आला, मग दोन्ही आले. मग ती तुकडा आतच उभी राहून खाऊ लागली. आणि मग खाऊन झाल्यावरही बाहेर न येता गोधडी हुंगत थांबू लागली. तोवर दाराला कोणी हातही लावलेला नव्हता. तिचे दोन्ही वेळचे जेवणही आता आतच ठेवले जाऊ लागले. त्यानंतर कडीचा प्रश्न आला, कारण त्या लोखंडी कडीचा ‘खट्’ असा आवाज झाला की ती दचकून उठे. आजींनी कडीला चिंधी गुंडाळली आणि सुनेने त्या आवाजाची सवय वेगळीच लावली: पिल्लू खोलीच्या दुसऱ्या टोकाला असताना हळूच कडी वाजवावयाची आणि लगेच पनीर द्यावयाचे, इतके की पुढे कडी वाजली की ती धावत येऊ लागली. मग जेवता जेवता दार नुसते लोटावयाचे आणि जेवण संपण्यापूर्वीच उघडावयाचे. मग कडी लावून क्षणभर, मग मिनिटभर. मग माणूस उठून उभे राहील, दोन पावले जाईल, स्वयंपाकघरात जाऊन येईल. प्रत्येक पायरीवर पिल्लाने अस्वस्थता दाखविण्यापूर्वी दार उघडले गेले पाहिजे, यातच या साऱ्या शिक्षणाचे मर्म आहे.

अस्वस्थता ओळखावी कशी? झोप आलेली नसताना जांभया देणे, वारंवार ओठ चाटणे, कान मागे पाडणे, शेपटी पायांत घालणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहणे, गरम होत नसताना धापा टाकणे, या साऱ्या खुणा आहेत. पण सर्वांत विश्वासार्ह खूण म्हणजे घास. भ्यालेले पिल्लू आवडीचा पदार्थही तोंडात धरीत नाही, किंवा धरून टाकून देते. त्याने घास नाकारला की आपण एक पायरी जास्त चढलो असे समजावे आणि निःसंकोचपणे मागे यावे. एखाद्या दिवशी दहा मिनिटे सुखाने निजलेले पिल्लू दुसऱ्या दिवशी दोन मिनिटांत कावरेबावरे होते, त्याने निराश होण्याचे कारण नाही; आदल्या रात्रीची अपुरी झोप, लसीची कणकण, दात येण्याची ठणक, यांपैकी काहीही त्याला पुरेसे असते.

घासाचा विषय निघालाच आहे, तर नाशिककरांनी एक गोष्ट अगदी गांभीर्याने ध्यानात ठेवावी. ज्या दोन पिकांनी या जिल्ह्याचे नाव देशभर केले, ती दोन्ही कुत्र्याला विष आहेत. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड अकस्मात निकामी होऊ शकते. त्याला द्राक्षांतील टार्टारिक आम्ल कारण असावे असे अलीकडे मानले जाते, आणि ते चिंचेतही असते. कांदा, मग तो कच्चा असो, शिजलेला असो वा वाळवून त्याची भुकटी केलेली असो, कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतो. म्हणजे रश्श्यातला मटणाचा तुकडा धुऊन दिला तरी तो निर्धोक होत नाही. निफाड-पिंपळगावकडून द्राक्षांची पेटी आली की मुले प्रेमाने एक मणी पिल्लासमोर धरतात. त्यांना आधीच ताकीद द्यावी. चॉकलेटही वर्ज्य. बक्षिसासाठी पनीर, मिठाशिवाय उकडलेले चिकन, उकडलेल्या अंड्याचा तुकडा हे उत्तम, आणि बहुतेक पिल्लांना नुसती भाकरीही चालते.

रात्रीचा बंदोबस्त निराळा करावा लागतो, कारण दिवसा चाललेले शिक्षण पुरे होण्याची वाट रात्र पाहत नाही. पहिल्या काही आठवड्यांत पिंजरा माणसाच्या अंथरुणाशेजारीच असावा, हाताची बोटे जाळीशी टेकवता येतील इतका जवळ. दार बंद केलेले पिल्लाला अजून सोसत नसेल तर पिंजऱ्याभोवती खुर्च्या-पाट लावून लहानसे आवार करावे आणि पिंजऱ्याचे दार उघडेच ठेवावे. दोन महिन्यांच्या पिल्लाला रात्री एकदा-दोनदा लघवीला उठावेच लागते. ते कुणकुणू लागले की दिवा मंद ठेवून, न बोलता, न खेळवता त्याला उचलून ठरलेल्या जागी न्यावे आणि परत आणून निजवावे. पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांवरील लसींचा क्रम साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतो आणि तोवर रस्त्यावरच्या मातीत पिल्लाला सोडणे धोक्याचे असल्याने, ही जागा गच्चीचा कोपरा किंवा मोरीतला वर्तमानपत्राचा कागद अशी असावी. रात्रीच्या रडण्याला प्रतिसाद दिला तर पिल्लू लाडावते, ही भीती निराधार आहे. जवळ कोणीतरी आहे ही खात्री ज्याला वेळच्या वेळी मिळाली, तेच पिल्लू पुढे एकटे राहू शकते. आणि मग रोज थोडा थोडा पिंजरा दूर सरकवीत खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेता येतो.

दिवसा किती वेळ? वयाचे जितके महिने, त्यात एक मिळवून येतील त्याहून अधिक तास नकोत, असा एक ठोकताळा जाणकार सांगतात. ही कमाल मर्यादा आहे, आणि भित्र्या पिल्लाच्या बाबतीत तिच्या निम्म्यावरही जाऊ नये, असे माझे मत आहे. नऊ तासांची नोकरी आणि तिसऱ्या मजल्यावरचे बंद घर यांचा मेळ पिंजऱ्याने बसत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. दुपारी येऊन बसणारे शेजारचे आजोबा, पाळीपाळीने घेतलेली रजा, पिल्लू आणण्याचाच बेत काही काळ पुढे ढकलणे, यांपैकी काहीतरी करावेच लागेल. लहान पिल्लू दिवसाचे अठरा-अठरा तास झोपते, तेव्हा पोट भरून, लघवी होऊन, खेळून दमलेले असताना त्याला आत नेले, तर तो वेळ बहुतेक झोपेतच जातो. शिक्षा म्हणून मात्र पिल्लाला कधीही आत घालू नये, आणि ते आत असताना मुलांनी जाळीतून काठी किंवा बोटे घालू नयेत. ती जागा त्याची आहे, हा घरातला कायमचा हुकूम असावा.

नाशिकच्या पिल्लाला आणखी एका परीक्षेतून जावे लागते. येथील ढोलाची कीर्ती महाराष्ट्राबाहेरही पोहोचली आहे आणि गणेशोत्सवात पथके रस्त्याने निघाली म्हणजे खिडक्यांच्या काचा थरथरतात. त्यापाठोपाठ दिवाळीचे फटाके येतात. माणसाचा कान वीस हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकतो, कुत्र्याचा सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंतचे; आपल्याला न जाणवणारे कितीतरी आवाज त्याच्यावर आदळत असतात. ज्या पिल्लाला पिंजरा आधीच आपला वाटू लागला आहे, त्याच्यासाठी आतल्या खोलीत, तिन्ही बाजूंनी गोधड्या टाकून, दार सताड उघडे ठेवलेला पिंजरा हा त्या दिवशी मोठा आसरा ठरतो. पण भादव्यापर्यंत सवय पुरी झालेली नसेल, तर मिरवणुकीच्या दिवशी त्याला आत कोंडून घरच्यांनी बाहेर पडणे हा शुद्ध अविचार आहे. एका संध्याकाळची ती धास्ती आणि तो पिंजरा यांची सांगड पिल्लाच्या मनात एकदा बसली की आधीचे सारे श्रम वाया जातात. ढोलाचे ध्वनिमुद्रण अगदी बारीक आवाजात लावून, घास देत देत, आवाज दिवसागणिक वाढवीत नेण्याचा अभ्यास उत्सवाच्या बराच आधी सुरू करता येतो.

घराला अंगण आहे त्यांना पिंजऱ्याची ही सारी यातायात अनावश्यक वाटते. कुत्रा रात्री बाहेर साखळीला बांधला की झाले. या जिल्ह्यात तरी हे करू नये. दारणेच्या आणि गोदेच्या काठच्या उसात बिबट्यांचा वावर आहे आणि ते शहराच्या वस्तीतही येऊन गेले आहेत. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या भक्ष्याच्या एकूण वजनात पाळीव व भटक्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के, म्हणजे इतर कोणत्याही प्राण्याहून अधिक आढळला. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे पिढ्यान्‌पिढ्या घातले जातात ते याच भयाने. साखळीला बांधलेल्या पिल्लाला ना पळता येते ना लपता येते.

एवढे सारे सबुरीने करूनही काही पिल्ले पिंजरा स्वीकारीत नाहीत. दार लागताच ती गज चावतात, हिरड्या रक्ताळतात, नखे उखडतात, लाळेने छाती भिजवून घेतात, निजतात त्याच जागी घाण करतात. हे दिसले की त्या दिवशीच पिंजऱ्याचे दार काढून ठेवावे. असे पिल्लू माणूस जवळ असतानाही पिंजऱ्यात तळमळत असेल, तर त्याला बंदिस्त जागेचीच भीती आहे आणि आवार करून ठेवले की ते बहुधा निवळते. मोकळ्या घरातही एकटे पडताच त्याची तीच दशा होत असेल, तर दुखणे एकटेपणाचे आहे आणि त्याला पिंजऱ्याने उतार पडत नाही, उलट ते चिघळते. घरातून बाहेर पडताना मोबाईल उभा करून चित्रण केले, तर हा फरक सहज कळतो. दुसऱ्या प्रकारच्या पिल्लाला पशुवैद्यांकडे न्यावे. प्रथम पोटातले जंत, मूत्रमार्गाचा दाह, कानाचे दुखणे अशी शारीरिक कारणे तपासून घ्यावीत, आणि गरज पडल्यास औषध घेण्यास कचरू नये. औषधाने पिल्लू सुस्त पडत असेल तर ते वैद्यांना सांगावे. पिल्लाला शिकता येईल इतपत त्याची भीती खाली यावी, एवढ्यापुरतेच औषध असते.

ज्यांचे पिल्लू पिंजऱ्यात सुखाने राहू लागले, त्यांनी वर्षभरानंतर, घरात एकटे राहण्याची आणि वस्तूंना तोंड न लावण्याची सवय पक्की झाली की, दार कायमचे उघडे ठेवावे किंवा काढून टाकावे. पिंजरा मात्र मोडीत देऊ नये. शस्त्रक्रियेनंतर विश्रांती घ्यावी लागते तेव्हा तो कामी येतो, घरात रंगकाम निघते तेव्हा येतो, आणि प्रवासात तर विशेष येतो. नाशिकरोडहून आगगाडीने कुत्र्याला न्यावयाचे झाले, तर पहिल्या वर्गाचा संपूर्ण कूपे मिळाल्याशिवाय त्याला सोबत बसविता येत नाही. एरवी गार्डच्या डब्यातील श्वानपेटीत त्याची रवानगी होते, आणि त्या काळोख्या, खडखडणाऱ्या पेटीत ज्याने आयुष्यात कधी बंद दार पाहिलेले नाही अशा कुत्र्याचे काय होत असेल, याची कल्पनाही करवत नाही. मोटारीने जाणे शक्य असेल तर त्याचाच पिंजरा मागच्या आसनावर पट्ट्याने आवळून बांधावा, निघण्यापूर्वी तीन-चार तास जड जेवण देऊ नये, घोटी ओलांडून कसाऱ्याचा घाट लागण्यापूर्वी एकदा थांबून पाणी पाजावे आणि पाय मोकळे करू द्यावेत. आणि आतली गोधडी कितीही मळलेली दिसली, तरी प्रवासाच्या आदल्या दिवशी ती धुऊ नये.